दोन बाटल्यांचा सीओटू किट: बडोद्याच्या फ्लॅटमध्ये झाडांसाठी घ्यावा का?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारा, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू बनवणारा हा किट मुळात पाणवनस्पतींसाठी बनवलेला आहे. दोन झाकणं, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, दाबाचं गेज, गॅस बारीक धारेने सोडणारा नीडल व्हॉल्व्ह आणि एक-दोन वन-वे व्हॉल्व्ह इतकंच सामान डब्यात येतं. बाटल्या आपल्याच, कोल्डड्रिंकच्या. एकीत सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी, दुसरीत खायचा सोडा. किंमत साधारण हजार ते दीड हजार. घरात ग्रो टेंट (आत दिवा लावून झाडं वाढवायचा बंद तंबू) लावून मिरची, टोमॅटो, लेट्यूस, बेसिल वाढवणाऱ्यांना कमी पैशात सीओटू द्यायचा असेल तर हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे. वस्तू म्हणून किट चांगला आहे. पण घेण्याआधी दोन गोष्टी मोजायला हव्यात, आणि त्या मोजल्यावर बऱ्याच घरांत त्याची गरजच उरत नाही.

पहिली गोष्ट उजेड. मोकळ्या हवेत सीओटू आज ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) जरा वर आहे. तो ८०० ते १,००० पर्यंत नेला तर मेथी, पालक, टोमॅटो, मिरची, तुळस, स्ट्रॉबेरी या जातकुळीतली झाडं जोमानं वाढतात. दुप्पट सीओटूला उत्पादन सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वाढतं असं ग्रीनहाउसवाल्यांचं जुनं गणित आहे. मका आणि ऊस यांना मात्र जवळपास काहीच मिळत नाही, कारण ती झाडं सीओटू आतल्या आत गोळा करूनच वापरतात. आणि हे ३० टक्के भरपूर उजेड, खत आणि पाणी असेल तेव्हाचे. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप घ्या आणि फोन पानांच्या उंचीवर दिव्याकडे तोंड करून धरा. पांढऱ्या एलईडीखाली १५,००० लक्सही भरत नसतील तर किटचे पैसे दुसऱ्या दिव्यावर घाला. त्या उजेडात गॅसचा फायदा होतो, पण इतका थोडा की सोडा तोलायची मेहनत वसूल होत नाही. फळं धरायची असतील तर २५,००० लक्स तरी हवेत. खिडकीपासून चार फूट आत ठेवलेल्या कुंडीला यातलं काहीच लागू नाही. मायक्रोग्रीन्सलाही नाही, आठ-दहा दिवसांत कापायच्या रोपांचा बहुतेक जोर बियाण्यातून येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खोलीतली हवा. ती मोजायला खरा मीटर लागतो, आणि गोंधळ इथेच होतो. बाजारात स्वस्तातले जे ‘सीओटू मीटर’ दिसतात त्यांतल्या कित्येकांमध्ये सीओटू मोजणारा सेन्सरच नसतो. हवेतल्या वाफा आणि वास ओळखणाऱ्या सेन्सरवरून ते सीओटूचा आकडा अंदाजाने दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: उघडी सॅनिटायझरची बाटली जवळ धरा. आकडा उडी मारून वर गेला तर मीटर परत करा. ‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेड किरणांनी खरा सीओटू मोजणारा सेन्सर) असं स्पष्ट लिहिलेला, किंवा आत एमएच-झेड १९ वा एससीडी ४० जातीचा सेन्सर असलेला घ्यावा. तो गच्चीवर नेल्यावर वीस मिनिटांत ४२०-४५० च्या आसपास स्थिरावला पाहिजे. आणखी एक खोच आहे. हे सेन्सर आपोआप स्वतःला जुळवून घेतात, म्हणजे काही दिवसांत दिसलेला सगळ्यात खालचा आकडा ते मोकळ्या हवेचा धरतात. सतत सीओटू वाढवलेल्या टेंटमध्येच मीटर टांगून ठेवला तर तो हळूहळू कमी दाखवू लागतो, आणि आपण गॅस वाढवत बसतो. ही सोय बंद करता येत असेल तर करा आणि महिन्यातून एकदा गच्चीवर नेऊन तपासा. बंद करता येत नसेल तर मीटरला रोज काही तास मोकळ्या हवेत ठेवा.

आता किटकडे. त्याची रचना खरंच हुशारीची आहे. अ‍ॅसिडच्या बाटलीतली नळी तळापर्यंत जाते आणि दुसरं टोक सोड्याच्या बाटलीत उघडतं. सोड्याच्या बाटलीतून गॅस बाहेर गेला की तिथला दाब उतरतो, अ‍ॅसिडच्या बाटलीतला दाब वरचढ ठरतो आणि थोडं अ‍ॅसिड पलीकडे ढकललं जातं. त्यातून गॅस होतो, दाब पुन्हा सारखा होतो, अ‍ॅसिड थांबतं. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला की गॅस बनणंही आपोआप थांबतं. म्हणूनच याला टायमरवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) लावता येतो, आणि लावावाच. दिवे बंद असताना झाडांना सीओटू लागत नाही.

प्रमाणाबद्दल. डब्यातल्या कागदावर २०० ग्रॅम सोडा आणि २०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असं सारखं वजन दिलेलं असतं. ते लक्षात ठेवायला सोपं आहे, पण त्यात अ‍ॅसिड वाया जातं. रसायनाच्या हिशेबाने २५२ ग्रॅम सोड्याला १९२ ग्रॅम कोरडं सायट्रिक अ‍ॅसिड पुरतं. वाण्याकडे जे खड्यांच्या रूपात मिळतं त्यात बहुधा पाण्याचा अंश असतो, तेव्हा २१० ग्रॅम धरा. म्हणजे २०० ग्रॅम सोड्याला १७० ग्रॅम अ‍ॅसिड भरपूर झालं. अ‍ॅसिड अर्ध्या लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. सोड्यात २०० मिली पाणी घाला. तो सगळा विरघळणार नाही, गाळ राहील, तो राहू द्या. दोन्ही बाटल्या दोन लिटरच्या घ्या. झाकणं घट्ट बसवा, व्हॉल्व्ह बंद ठेवा, अ‍ॅसिडची बाटली हाताने दाबून थोडंसं अ‍ॅसिड पलीकडे जाऊ द्या. गेजवरचा दाब एक ते दोन किलोच्या मध्ये आला की थांबा. सोड्याची बाटली हाताला गार लागेल. ही प्रक्रिया उष्णता शोषून घेते, त्यामुळे काही बिघडलं असं समजू नका. थंडीच्या पहाटे गॅस जरा सावकाश येतो तो यामुळेच.

बडोद्यात सायट्रिक अ‍ॅसिड शोधायला लांब जावं लागत नाही. खमणात घालतात ते ‘लिंबूना फूल’ म्हणजेच हे. सुटं घ्यायचं तर हाथीखान्याच्या घाऊक बाजारातून किलोने घ्यावं, छोट्या पाकिटांचा भाव परवडत नाही. सोडा घेताना मात्र नीट विचारून घ्या. खायचा सोडा हवा, धुण्याचा नको. बेकिंग पावडर तर अजिबात नको. तिच्यातल्या स्टार्चमुळे फेस वर चढतो आणि व्हॉल्व्ह तुंबतो. इनो बाटलीत टाकू नका. त्यात सोडा आणि अ‍ॅसिड एकत्रच असतं, पाणी लागताच सगळा गॅस एकदम सुटतो आणि बाटली फुटू शकते. व्हिनेगरने काम होतं, पण १०० ग्रॅम सोड्याला साधं पाच टक्क्यांचं व्हिनेगर जवळजवळ दीड लिटर लागतं आणि घरभर वास सुटतो.

किती दिवस पुरतं? २०० ग्रॅम सोड्यातून तीस अंशांच्या खोलीत सुमारे ५९ लिटर गॅस निघतो. थोडा पाण्यात विरघळून राहतो, थोडा शेवटच्या दाबात अडकतो, तेव्हा हाती ५० लिटर धरा. साठ बाय साठ सेंटिमीटरचा, १४० सेंटिमीटर उंच टेंट म्हणजे ५०० लिटर हवा. ४२० वरून १,००० वर न्यायला एका वेळी फक्त ०.३ लिटर गॅस लागतो, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम सोड्याचा. खरा खर्च असतो गळतीचा आणि झाडांच्या भुकेचा. तासाला एकदा टेंटमधली हवा बदलते असं धरलं तर ०.३ लिटर गळतीत जातो आणि तेवढाच पानं खातात. आठ तासांना पाच लिटर. एक भरण दहा दिवस चालतं, दिवसाला साधारण पाच रुपये. हे उत्तम आहे. पण चार बाय चार फुटांचा मोठा टेंट पानांनी भरला की हाच हिशेब तासाला तीन लिटरवर जातो आणि भरण दोन दिवसांत संपतं. दर दोन दिवसांनी बाटल्या धुवून भरणं महिनाभरसुद्धा होत नाही. लहान टेंटसाठी किट घ्या, मोठ्यासाठी नको.

बबल काउंटरवर (जाणाऱ्या गॅसचे बुडबुडे दाखवणारी पाण्याची छोटी नळी) फार विसंबू नका. एक सेकंदाला एक बुडबुडा म्हणजे अंदाजे तासाला शंभर-दीडशे मिली. लहान टेंटला चार-पाच बुडबुडे लागतील आणि ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत. मीटर बघून व्हॉल्व्ह फिरवायचा, पाव फेरीने, आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं.

यात काय बिघडतं ते आता. सगळ्यात जास्त त्रास झाकणांचा. अलीकडच्या कोल्डड्रिंकच्या बाटल्यांची मान आखूड असते. किटचं झाकण जुन्या उंच मानेसाठी असेल तर ते खालच्या कड्यावर टेकतं, घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण आतला वॉशर दाबला जात नाही. रात्रीत गेज शून्यावर आलं तर आधी इथे साबणाचं पाणी लावून बघा. उपाय दोन: उंच मानेची बाटली शोधा किंवा जाड रबरी वॉशर घाला. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून याला काही फरक पडत नाही, कारण गॅस आट्यांवर नाही, वॉशरवर अडतो.

त्याच्या खालोखाल नळीचा त्रास. काही किटांत मऊ सिलिकॉनची नळी येते. सिलिकॉनमधून सीओटू चक्क झिरपून जातो, कितीही घट्ट बसवली तरी. ती काढून न्यूमॅटिकची (दाबाच्या हवेच्या यंत्रांत वापरतात ती) सहा मिलिमीटरची पीयू म्हणजे पॉलियुरेथेनची नळी लावा. मकरपुरा जीआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत गावात असताना बडोद्यात ही नळी आणि तिचे पुश-फिट जोड मिळायला अडचण नाही. आरओ फिल्टरची पांढरी पाव इंची नळीसुद्धा चालते, पण ती सहा मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असते, तेव्हा जोड तिच्याच मापाचे घ्या.

तिसरी गोष्ट नीडल व्हॉल्व्ह. सोड्याची बाटली अर्ध्यापेक्षा जास्त भरली किंवा बाटली आडवी झाली की फेस नळीतून व्हॉल्व्हपर्यंत जातो, सुकतो आणि सोडियम सायट्रेटचे खडे धरतात. मग व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी काही होत नाही, आणि अचानक एका ठिकाणी भसकन गॅस सुटतो. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला की मोकळा होतो. वन-वे व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला तर सोड्याचं पाणी उलटं अ‍ॅसिडमध्ये जातं आणि गेज झपाट्याने वर चढतं. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला किट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बाटल्याही फक्त कोल्डड्रिंकच्या, खाली पाकळ्या असलेल्या. पाण्याच्या पातळ बाटल्या किंवा काचेच्या बाटल्या चालणार नाहीत. उन्हात किंवा दिव्याच्या लगतही नाही.

नळीचं तोंड टेंटमध्ये झाडांच्या वर, छोट्या पंख्यासमोर सोडा. सीओटू हवेपेक्षा जड आहे म्हणून खाली सोडला तर आपोआप पसरेल, ही समजूत चुकीची आहे; पंखा नसेल तर तो तळाशी साचतो आणि पानांभोवतीची हवा तशीच राहते.

बडोद्याच्या हवेचं काय? हा प्रश्न किट बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसतो, पण इथे तोच मोठा आहे. वैशाखात बाहेर ४२ अंश असतात आणि टेंटमध्ये दिवा. एक्झॉस्ट पंखा सतत चालवावा लागतो, आणि पंखा चालू असला की टाकलेला सीओटू मिनिटभरात बाहेर. एसी नसलेल्या खोलीत एप्रिल ते जून किट बंद ठेवा, वाया घालवू नका. पावसाळ्यात टेंट बंद ठेवला की आतली दमट हवा पानांवर भुरी आणते. राहिली दिवाळी ते होळी. त्या चार-पाच महिन्यांत खोली २२ ते २८ अंशांत राहते, पंखा तासाला दहा मिनिटं चालवला तरी पुरतो आणि किट खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. टायमर असा लावा की पंखा चालू असताना सोलेनॉइड बंद राहील. सीओटू वाढल्यावर पानं आपली रंध्रं थोडी मिटतात आणि पाणी कमी ओढतात; लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागल्या तर ती कॅल्शियम न पोचल्याची खूण आहे. तेव्हा खताचा डोस वाढवण्याआधी पंखा झाडांवर वळवा.

साखर आणि यीस्टची बाटली हा या किटचा जुना स्पर्धक. कागदावर दोन्ही सारखेच: १०० ग्रॅम साखरेतून जवळजवळ तेवढाच सीओटू निघतो जेवढा १०० ग्रॅम सोड्यातून. पण यीस्टला बंद करायचं बटण नाही. रात्रीही गॅस येत राहतो, गरमीत पहिल्या दोन दिवसांत धो धो आणि मग काही नाही. आणि बडोद्यात राहणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. दोन लिटर पाण्यात ४०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेलं पाणी तयार होतं. गुजरातेत १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. कुंड्यांसाठी केलंय हे सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. इथे तरी सोडा-अ‍ॅसिडच बरं.

मशरूमच्या पिशव्या टेंटमध्ये टांगायचा सल्लाही दिला जातो. सीओटू त्यांतून येतो, पण त्यावर आपला ताबा नसतो, आणि धिंगरी (ऑयस्टर मशरूम) उघडली की तिचे बीजाणू श्वासात जाऊन खोकला लागतो. मेणबत्ती, शेगडी, कोळसा बंद खोलीत जाळून सीओटू करायचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात स्वस्त सीओटू मात्र घरात आधीपासून असतो. बसून काम करणारं मोठं माणूस तासाला साधारण १५ ते २० लिटर सीओटू श्वासातून सोडतं. म्हणजे तीन तासांत या किटच्या एका संपूर्ण भरणाइतका! एसी लावून दारं बंद केलेल्या खोलीत दोन माणसं झोपली की पहाटे मीटर सहज १,५०० च्या वर दाखवतो. टेंट त्याच खोलीत ठेवा, खालचं जाळीचं तोंड उघडं ठेवा आणि दिव्याची वेळ रात्री नऊ ते सकाळी नऊ करा. दिवसाच्या गरमीतूनही टेंट वाचतो. तोटा इतकाच की दिव्याची उष्णता एसीला काढावी लागते. शंभर वॉटच्या दिव्याला चालेल, तीनशेच्या दिव्याला बिल जाणवेल. म्हणून सांगतो, आधी मीटर घ्या, आठवडाभर खोलीत ठेवा, मग किटचं बघा.

सुरक्षिततेचा आकडा एकच नीट समजून घ्या. एक भरण चुकून एकदम सुटलं तर दहा बाय दहाच्या खोलीत साधारण २,००० पीपीएमची भर पडते. डोकं जड होईल, खिडकी उघडली की संपलं. पण तेच बंद लहान टेंटमध्ये सुटलं तर आतली हवा ११-१२ टक्के सीओटूची होते, आणि त्यात डोकं घातलं तर माणूस एक-दोन मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. बाटल्या नेहमी टेंटच्या बाहेर ठेवा. गेज शून्यावर दिसलं तर टेंटची चेन उघडून, पंखा लावून पाच मिनिटं थांबा, मगच वाका. मुलं झोपतात त्या खोलीत किट ठेवू नका.

संपलेल्या बाटलीतलं पाणी कुंडीत ओतू नका. ते खत नाही. १०० ग्रॅम सोड्यात २७ ग्रॅम सोडियम असतं आणि ते मातीत साचत जातं. मोरीत ओता, वर तांब्याभर पाणी टाका.

आता मोठा टेंट असणाऱ्यांसाठी. एक किलो सीओटू सोडा-अ‍ॅसिडमधून काढायला १.९ किलो सोडा आणि १.६ किलो अ‍ॅसिड लागतं, किरकोळ भावाने चारशे-पाचशे रुपये. सिलिंडरचं रीफिल याहून बरंच स्वस्त पडतं, पण सुरुवातीला सिलिंडर आणि रेग्युलेटरचा खर्च आहे. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला हवा, त्यावरची हायड्रोटेस्टची (सिलिंडर दाब सोसतो का याच्या चाचणीची) तारीख बघून घ्यायची. किट घेऊन झाला असेल तर त्यातला नीडल व्हॉल्व्ह आणि त्याला लावलेला सोलेनॉइड पुढे सिलिंडरवर लावता येईल का, हे खरेदीच्या वेळीच आटे जुळवून पाहा. वॉशर मात्र सुरुवातीलाच चार जादा घेऊन ठेवा. दर दोन महिन्यांनी ते कडक होतात आणि नेमके त्या मापाचे सुटे मिळत नाहीत.